पणतीच्या उजेडातलं पोर्ट्रेट आणि दिव्याभोवतीचा तो लाल ग्लो, घरी कसा करायचा

असे फोटो तुम्ही नक्की बघितले असणार, चेहरा दिव्याच्या उजेडात, मागे निळसर अंधार, आणि प्रत्येक दिव्याच्या कडेला लालसर धूसर वलय. बरेच जण विचारतात हे कुठल्या फिल्टरने होतं, आणि मग एखादा प्रीसेट लावतात, अख्खा चेहरा दुधाळ होतो, डोळे मऊ पडतात आणि फोटो धुक्यात काढल्यासारखा दिसायला लागतो. मी हे प्रकरण बरेच दिवस घेऊन बसलोय आणि माझं म्हणणं एकच आहे, ग्लो दिव्यातून निघाला पाहिजे, चेहऱ्यातून नाही. हे डोक्यात बसलं की खालच्या सगळ्या स्टेप्स आपोआप समजतात.

आधी हे लाल वलय येतं कुठून ते बघू, कारण ते कळल्याशिवाय स्लायडर कुठे थांबवायचा ते कळत नाही. कलर फिल्मवर रंग टिपणारे थर एकावर एक असतात आणि लाल टिपणारा थर सगळ्यात खाली असतो. खूप तेज उजेड पडला की तो सगळे थर पार करून फिल्मच्या मागच्या बाजूपर्यंत जातो, तिथून उलटा फिरतो आणि परत येताना त्याला पहिला भेटतो तो लाल थर, म्हणून दिव्याच्या कडेला लाल-केशरी छटा उमटते. याला हॅलेशन म्हणतात. हे होऊ नये म्हणून फिल्मला उजेड शोषणारा थर लावलेला असतो, सिनेमाच्या फिल्मला तर अनेक वर्षं मागून काळा कार्बनचा थर असायचा, त्याला रेमजेट म्हणतात. सिनेस्टिल ८००टी ही फिल्म म्हणजे मुळात कोडॅकची सिनेमाची फिल्म, व्हिजन३ ५००टी, फक्त हा काळा थर काढून टाकलेली, म्हणजे ती साध्या लॅबमध्ये धुता येते. थर गेला म्हणून हॅलेशन आलं, आणि लोकांना तेच आवडलं. शिवाय ही फिल्म ३२०० केल्विनच्या बल्बच्या उजेडासाठी बनवलेली (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड केशरी, जास्त तितका निळा), त्यामुळे तिच्यात आकाश आणि सावल्या निळ्या पडतात. म्हणजे निळ्या सावल्या आणि लाल वलय, या लूकची दोन्ही टोकं त्या एका फिल्ममध्येच सापडतात.

आता फोटो काढण्याबद्दल, कारण अर्धं काम इथेच होतं. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी गच्चीवर किंवा अंगणात जा, आकाशात अजून निळं शिल्लक असतं आणि पणतीचा उजेड चेहऱ्यावर दिसायला लागलेला असतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, हाताने ३२०० ते ३६०० केल्विनच्या आसपास ठेवा. पणतीची ज्योत १९०० केल्विनच्या जवळपास असते म्हणून ती केशरीच राहते, आणि संधिप्रकाश त्याच्या कितीतरी वर असतो म्हणून तो गडद निळा होतो. एक्स्पोजर थोडं कमी, ज्योतीभोवतीचा भाग जळून पांढरा व्हायला नको. फोनवर काढत असाल तर ज्योतीवर टॅप करून बोट खाली ओढा आणि ब्यूटी मोड आठवणीने बंद करा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, मिळत असेल तर रॉच. आणि मागे अंधार पाहिजे, हे फार महत्त्वाचं, ग्लो दिसतो तो तेज आणि काळोख शेजारी असतील तेव्हाच, पांढऱ्या भिंतीसमोर पणती धरली तर कितीही ब्लर मारा काही दिसणार नाही.

एडिटिंग मी गिंपमध्ये सांगतो, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं, फोटोशॉपवाल्यांना हेच सगळं जवळपास त्याच नावांनी सापडेल. फोटो उघडल्यावर सगळ्यात आधी इमेज मेनूत प्रिसिजनमध्ये जाऊन १६ बिट करून घ्या. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा यातल्या प्रत्येकाला, फक्त २५६ पायऱ्या असतात, आणि ग्लो म्हणजे हळूहळू विरत जाणारा उजेड, त्यात त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात, विशेषतः अंधाऱ्या आकाशात.

आता हॅलेशनचा लेअर, म्हणजे फोटोवर ठेवलेला वेगळा थर. लेअर मेनूतून न्यू फ्रॉम व्हिजिबल घ्या. या नव्या लेअरवर कलर्समध्ये लेव्हल्स उघडा आणि इनपुटचा काळा त्रिकोण २०० च्या आसपास आणा (हे आकडे ०-२५५ च्या मापाने, १६ बिटमध्ये गिंप ०-१०० दाखवतं, तिथे ७८), सगळा फोटो काळा होईल आणि फक्त ज्योती, कंदील, कपाळावरची चमक असं काहीतरी उरेल. मग त्याच लेव्हल्समध्ये चॅनेल बदलून हिरव्याचं आउटपुट वरून खाली ७० पर्यंत (०-१०० मध्ये २७) आणि निळ्याचं २० पर्यंत (८) आणा, लाल तसाच ठेवा. उरलेला उजेड लाल-केशरी झाला. आता गॉशियन ब्लर, फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर १२ च्या आसपास, फोटो लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात बदला, माझे आकडे डोळे झाकून घेऊ नका. लेअरचा मोड (तो खालच्या फोटोत कसा मिसळतो ते) स्क्रीन, ओपॅसिटी (तो किती ठळक दिसतो ते) ५०-६०.

स्क्रीनच का, तर स्क्रीन फक्त उजळ करतो, आणि जे आधीच पांढरं आहे ते पांढरंच राहतं. म्हणजे ज्योतीचा गाभा लाल होत नाही, लाल दिसतो तो फक्त कडेला, बाहेर पसरलेला भाग. फिल्मवर पण असंच दिसतं. मला हे पहिल्यांदा स्क्रीनवर घडताना दिसलं तेव्हा खरंच खूप आनंद झाला होता, कारण तोपर्यंत मी ब्रशने लाल रंग काढत बसायचो.

एवढ्यावर वलय येतं पण हवेत उजेड पसरल्यासारखं वाटत नाही. त्यासाठी हा लेअर ब्लर करायच्या आधीच त्याची अजून एक कॉपी करून ठेवा आणि तिला ८० चा ब्लर द्या. इथे बरेच जण अडकतात, एवढा मोठा ब्लर दिला की ग्लो जवळजवळ गायबच होतो, मग वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलं काही नसतं, तेवढाच उजेड आता खूप मोठ्या जागेत पसरला म्हणून फिका पडला. परत लेव्हल्स उघडा आणि यावेळी पांढरा त्रिकोण डावीकडे आणा, ग्लो वर येतो. मोड याचाही स्क्रीन, ओपॅसिटी मात्र २०-२५ च. छोटा घट्ट ग्लो आणि मोठा विरळ ग्लो, दोन्ही एकत्र असले की ते खरं वाटतं, एकट्या एकाने नाही होत.

मग मास्क, म्हणजे लेअर कुठे दिसावा आणि कुठे झाकला जावा ते ठरवणारा पडदा, काळं तिथे झाकलेलं, पांढरं तिथे दिसतं, आणि हे टाळू नका. कपाळ, नाकाचा शेंडा, दात, चष्म्याची काच, पांढरा सदरा, यातलं बरंच काही त्या २०० च्या वर जातं आणि लाल चमकायला लागतं, माणूस तापाने फणफणल्यासारखा दिसतो. दोन्ही ग्लो लेअरना काळा मास्क लावा आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त दिव्यांच्या जागी ग्लो परत आणा. दागिन्यांवर थोडासा राहू द्या, नथीचा मोती किंवा ठुशीचे मणी जरासे चमकले तर फार सुंदर दिसतं.

चेहऱ्यावर मऊपणा हवाच असेल तर त्याची रीत वेगळी, ऑर्टन इफेक्ट. कॅनडाचे फोटोग्राफर मायकल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात हे केलं, एकाच दृश्याच्या दोन स्लाइड्स, एक शार्प आणि एक मुद्दाम आउट ऑफ फोकस, दोन्ही जास्त एक्स्पोज केलेल्या, आणि एकावर एक ठेवलेल्या. स्लाइड्स एकावर एक ठेवल्या की अंधार वाढतो म्हणून आधीच जास्त एक्स्पोज. गिंपमध्ये तेच करायचं, न्यू फ्रॉम व्हिजिबल, त्याची कॉपी स्क्रीन मोडवर, मर्ज डाउन, हा झाला उजळ फोटो. याची कॉपी करून ३० चा ब्लर, मोड मल्टिप्लाय, परत मर्ज डाउन. आता या तयार लेअरची ओपॅसिटी खाली आणा, निसर्गाच्या फोटोला ४० चालते, चेहऱ्याला मी १५-२० च्या वर जात नाही. आणि डोळे, पापण्या, भुवया, ओठांच्या कडा मास्कने मोकळ्या करा. डोळे शार्प असले की बाकी चेहरा थोडा मऊ झालेला चालतो, उलटं कधीच चालत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. कलर्समध्ये कर्व्ह्ज, निळ्या चॅनेलचा खालचा भाग थोडा वर उचला आणि वरचा भाग जरासा खाली दाबा, लाल चॅनेलचा खालचा भाग थोडा खाली. सावल्या निळ्या-हिरवट, उजेड उबदार. सिनेमावाले ज्याला टील-ऑरेंज म्हणतात ते हेच.

इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायचीय. आमच्या घरातल्या एका लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या आत्याचा चेहरा इतका गोरा करून दिला होता की ती पानं उलटताना स्वतःच्या फोटोवर थांबली आणि म्हणाली, हा रंग माझा नाही रे. ती छान सावळी आहे आणि पणतीच्या उजेडात तिचा चेहरा तांब्यासारखा दिसतो, त्या फोटोत ते काहीच उरलं नव्हतं. म्हणून ग्रेडिंग, म्हणजे हे रंगाचं काम, करताना त्वचेची ब्राइटनेस वाढवू नका, ह्यू, म्हणजे मूळ रंगछटा, सांभाळा. व्हिडिओवाल्यांच्या व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या गोल आलेखावर, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये त्वचेसाठी एक रेघ असते, आणि गोरी असो सावळी असो काळी असो, कुठलीही त्वचा त्या रेघेच्या आसपासच पडते, फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. गिंपमध्ये कलर पिकरची इन्फो विंडो उघडून एचएसव्ही निवडा आणि गालावर क्लिक करा, ह्यू १५ ते ३० अंशांच्या मध्ये असेल तर ठीक, त्याच्या खाली गेला तर चेहरा लाल-गुलाबी, वर गेला तर पिवळा-हिरवट. कर्व्ह्जचा निळा-हिरवट रंग सावळ्या त्वचेच्या सावलीत पटकन शिरतो आणि चेहरा राखाडी दिसतो, म्हणून कर्व्ह्ज फोटोच्या एका कॉपीवर लावा आणि मास्कने चेहरा अर्धाअधिक बाहेर काढा, पूर्ण नाही, नाहीतर कापून चिकटवल्यासारखा दिसेल.

अजून एक, उजेडाची दिशा. दिवा डावीकडे असेल तर उबदार रंग डाव्या गालावरच हवा. एक पारदर्शक लेअर, सॉफ्ट लाइट मोड, मोठा मऊ केशरी ब्रश, ओपॅसिटी १०-१५, गालावर आणि हनुवटीखाली एक-दोनदा फिरवा, बस.

फोनवरच करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये ग्लॅमर ग्लो आहे, तो लावून मग व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन ब्रशने फक्त दिव्यांवर ठेवा. लाल वलय तसं नेमकं येत नाही, पण चेहरा तरी वाचतो.

शेवटी थोडा ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा बारीक दाणेदारपणा, द्या, अगदी थोडा, आकाशातल्या पट्ट्या त्याच्याने मोडतात आणि ब्लर केलेला भाग आणि शार्प भाग एकाच फोटोतले वाटतात. मग फाइल बाजूला ठेवून चहा पिऊन या आणि परत बघा, दहातल्या नऊ वेळा ग्लो जास्तच झालेला असतो, मी तर दोन्ही ग्लो लेअरची ओपॅसिटी दरवेळी पाव भागाने कमी करतो. एक्सपोर्ट एसआरजीबीमध्ये, जेपेग क्वालिटी ९० च्या पुढे, आणि घरच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि सगळ्यात आधी बिघडतं ते दिव्याभोवतीचं वलयच.