फ्लॅटपॅक कपाट जास्त टिकतं की व्हॅम्पायर? कसं ठरवायचं

फ्लॅटपॅक म्हणजे सुट्या फळ्यांत येणारं, घरी जोडायचं कपाट. पहिलं म्हणजे वयावर जाऊ नका. तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर आणि तीन वर्षांचं कपाट, असा हिशोब लावला तर मॅच सुरू व्हायच्या आधीच संपली. बघायचं काय, तर कोण कशाने जातं.

पाण्यापासून सुरू करा. जुन्या समजुतीप्रमाणे व्हॅम्पायरला वाहतं पाणी ओलांडता येत नाही, बस एवढंच, थांबतो बिचारा काठावर. असं कपाट बहुतेकदा ज्याचं असतं त्या पार्टिकल बोर्डचं तसं नाही, तो म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली फळी, त्यामुळे फरशी पुसताना खालच्या उघड्या कडेतून पाणी शिरलं की फुगतो आणि वाळला तरी परत बसत नाही. कपाट आडवं पाडून खालची कड बघा, तिथे पट्टी लावलेली नसेल तर पॉइंट व्हॅम्पायरला.

उन्हात कपाट आरामात जिंकतं, फार तर रंग उडेल. (खरं तर १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत व्हॅम्पायर दिवसाढवळ्या फिरतो, ताकद कमी होते फक्त. उन्हाने मरायचं फॅड १९२२ च्या 'नोस्फेरातु' सिनेमापासून.)

आता खरी टेस्ट, खोलून परत जोडणं. व्हॅम्पायर याच्यात उस्ताद, राख झाली तरी पुढच्या भागात हजर. कपाटाचा स्क्रू मात्र एकदा काढून परत पिळला की भोकातला भुसा निघतो आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो, मग भोकात गोंद आणि लाकडी काडी भरून, पूर्ण वाळू देऊन पुन्हा पिळायचा. मागची पातळ शीट फालतू समजून सोडणारे खूप असतात आणि कपाट डुलतं ते ती नसल्यामुळेच! ती ठोकायच्या आधी दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले तरच खिळे मारा. आणि शिफ्टिंगला भरलेलं कपाट ओढू नका हो, रिकामं करून उचला, सांधे ओढण्यानेच जातात.

गंमत म्हणजे लाकडी खुंटी ठोकली की व्हॅम्पायर खलास, आणि कपाट उभं राहतं ते लाकडी खुंट्यांवरच. पण म्हणून कपाटाची फळी तोडून व्हॅम्पायरसाठी खुंटी करायला जाऊ नका, टोक काढतानाच भुसा होईल, त्याला अख्खं लाकूडच लागतं.