स्ट्रॉबेरीवरची राखाडी बुरशी: औषध लागू का पडेना?

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात दहिवर सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. 15 ते 20 अंश तापमान आणि ओल्या पाकळ्या, राखाडी बुरशीला म्हणजे बोट्रायटिसला एवढं पुरतं. ती फुलातून शिरते, हिरव्या फळात गप्प बसते आणि फळ लाल होताना राखेसारखी लव घेऊन बाहेर पडते. म्हणजे कूज दिसल्यावर मारलेलं औषध तीन-चार आठवडे उशिराचं असतं.

मग दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली जातात, औषध डुप्लिकेट होतं म्हणून. असेलही कधी. पण कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचंच उदाहरण घ्या. ते बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनावर बसतं. त्या प्रथिनातला 198 व्या जागेचा एक घटक बदलला की औषधाला बसायला जागाच उरत नाही. डोस दुप्पट केला तरी पैसेच जातात. ‘औषध बदलून बघितलं’ म्हणत थायोफनेट मिथाइल आणणारेही भेटतात. ते झाडात गेल्यावर कार्बेन्डाझिमच होतं! म्हणून डब्यावर कंपनीचं नाव नव्हे, घटकाचं नाव वाचा. जोडऔषधात तर दोन्ही घटक वाचा.

औषधाला दाद न देण्याची दुसरी तऱ्हा जास्त चिवट आहे. झाडं स्वतःही बुरशीविरुद्ध विष तयार करतात. ते बाहेर फेकायला बुरशीच्या पेशीच्या आवरणात पंप असतात. विष आलं की पंपाचं जनुक जोरात काम करतं, विष ओसरलं की थंडावतं. विहिरीवरची मोटर जशी आपण गरजेपुरती लावतो तसं. जर्मनीतल्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत अशी बोट्रायटिस सापडली, जिच्यात या जनुकाच्या नियंत्रकातच बदल झाला होता. मोटर कायमची चालू. फ्लुडिओक्सोनिल आणि सायप्रोडिनिल ही बुरशीनाशकं वेगवेगळ्या गटांतली, म्हणजे बुरशीवर वेगवेगळ्या जागी घाव घालणारी, पण एकच पंप दोन्ही उपसतो. त्यामुळे नुसत्या गटबदलावर माझा भरवसा नाही. रानातली बुरशीच कमी करायला हवी.

कुजकी फळं आणि जुनी पानं सरीत टाकू नका, बादलीत गोळा करून रानाबाहेर पुरा. तोडणीच्या बायकांना सांगा, ज्या हातानं कुजकं फळ उचललं त्यानं चांगलं तोडायचं नाही. कुजकं वेचायला वेगळा माणूस लावला तर उत्तमच. संध्याकाळी तुषार लावू नका, पाणी ठिबकनंच द्या. युरियाचा हात आखडता घ्या. पाला दाटला की आत वारा खेळत नाही.

फवारणी फुलोऱ्यातच करा. एका गटाचं औषध लागोपाठ नको आणि मी तरी ते हंगामात दोनदाच सुचवतो. मधल्या फवारणीला कॅप्टनसारखं, बुरशीवर एकाच वेळी अनेक जागी घाव घालणारं स्पर्शजन्य औषध बसवा. मात्र लेबलवर स्ट्रॉबेरीची शिफारस आणि काढणीपूर्वीचे दिवस बघूनच. तोडा दोन-तीन दिवसांआड आणि थांबायचे दिवस त्याहून जास्त, असं झालं तर ते औषध तोडणीच्या काळात कामाचंच नाही.

आणि रोपं घेताना नर्सरीवाल्याला विचारा, यावर काय काय मारलंय? औषधाला दाद न देणारी बुरशी रोपांबरोबरही येते. तिथं जे वारंवार मारलं गेलंय, ते आपल्या पहिल्या फवारणीत नको.