मिरर ऑनलाइन दिसला म्हणून काम संपत नाही: सर्व्हरची सिस्टम डिस्क बदलताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे छोटे सर्व्हर मी सांभाळतो. बहुतेक ठिकाणी प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टम), त्याखाली झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टम) आणि सिस्टमसाठी दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. एक डिस्क गेली तरी कारखाना चालू राहावा म्हणून हा खटाटोप. तरीही डिस्क बदलल्यावरच सर्व्हर आडवा झालेला मी कितीदा बघितलाय, आणि चुका दरवेळी त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नवी कोरी डिस्क तशीच पूलला, म्हणजे झेडएफएसच्या डिस्कांच्या गटाला, देऊन टाकणं. प्रॉक्समॉक्सच्या नेहमीच्या मांडणीत सिस्टम डिस्कवर ३ पार्टिशन (डिस्कचे भाग) असतात: पहिलं जुन्या बायोस बूटचं, दुसरं ईएफआयचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या बूटचं, तिसरं झेडएफएसचं. मिरर होतो तो फक्त तिसऱ्याचा. बाकीची दोन आपण हाताने केली नाहीत तर नव्या डिस्कवर येतच नाहीत.

एका फाउंड्रीत हेच झालं होतं. डिस्क बदलणाऱ्या पोरानं अख्खी डिस्क झेडएफएसच्या रिप्लेस कमांडला दिली, रेझिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा उतरवणं) पूर्ण झालं, दोन्ही डिस्क ऑनलाइन. मी विचारलं, बूटचं बघितलंस का? तर म्हणाला, "दादा, ऑनलाइन दाखवतंय की!" मी पुढं जाऊन स्वतः तपासायला हवं होतं. ते राहिलं. आठ महिन्यांनी उन्हाळ्यात दुसरी, म्हणजे जुनी डिस्क गेली. त्याच रात्री लाइट गेली, यूपीएस संपला आणि सकाळी स्क्रीनवर एकच ओळ: बूट करण्याजोगी डिस्क नाही. वजनकाटा आणि गेटपास त्याच सर्व्हरवर. माल भरलेल्या गाड्या गेटच्या आत उभ्या आणि सुपरवायझर वहीत हातानं वजनं लिहितोय. डेटा जिवंत डिस्कवर शाबूत होता, पण उठणार कुठून? अख्खी डिस्क झेडएफएसकडे गेल्यामुळे ईएफआयला जागाच उरली नव्हती. शेवटी एका पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टम चालवून पूल इम्पोर्ट केला, दुसऱ्या पेनड्राइव्हवर बूटचं पार्टिशन बनवलं आणि दुपारी सर्व्हर उभा केला. दहा मिनिटं वाचवायला गेले आणि अर्धा दिवस गेला.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी एसजीडिस्क या पार्टिशनच्या कमांडनं चांगल्या डिस्कची पार्टिशन मांडणी नवीवर उतरवायची, मग नवीचे जीयूआयडी (ओळख क्रमांक) बदलायचे. मग तिसरं पार्टिशन, फक्त तिसरं, झेडपूल रिप्लेसला द्यायचं. मग प्रॉक्समॉक्स-बूट-टूल या कमांडनं दुसरं पार्टिशन फॉरमॅट आणि इनिट करायचं, म्हणजे बूटसाठी तयार करायचं. रेझिल्व्हर संपल्यावर, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सर्व्हर बंद करून उरलेली जुनी, चांगली डिस्क काढायची आणि एकट्या नवीवर उठवून बघायचं. उठला, तरच मी बिल देतो.

यातल्या पहिल्याच पायरीवर एक खड्डा आहे. एसजीडिस्कच्या कॅपिटल आर पर्यायात त्या पर्यायाला चिकटून येते ती नवी डिस्क, आणि जिची नक्कल करायची ती नंतर. आपल्या डोक्यात क्रम उलटा असतो. उलटं लिहिलं की कोऱ्या डिस्कची रिकामी मांडणी चांगल्या डिस्कवर बसते. यूट्यूबवरून कमांड उचलून चिकटवणाऱ्यांचा इथंच घात होतो. मी आधी कागदावर दोन्ही सिरियल नंबर लिहितो, 'जुनी' आणि 'नवी' असं, आणि एंटर दाबायच्या आधी कागद परत वाचतो.

लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबून डिस्क ओढू नका. रीबूटनंतर ती नावं अदलाबदल होऊ शकतात. चांगली डिस्क ओढली आणि आजारी आत राहिली, तर चालू सर्व्हर जागेवर गोठू शकतो. स्मार्टसीटीएल या कमांडनं सिरियल नंबर काढा आणि ट्रेवर जुळवा. मी सर्व्हर बसवतानाच प्रत्येक ट्रेच्या तोंडावर शेवटचे ४ आकडे लिहून वर पारदर्शक टेप लावतो, कारण फाउंड्रीच्या काळ्या धुळीत साधं स्टिकर वर्षभरात वाचता येत नाही.

झेडपूल अ‍ॅड आणि अटॅच एक नव्हे. अ‍ॅड केलं की नवी डिस्क मिररमध्ये न जाता शेजारी एकटी उभी राहते, आणि ती गेली की पूल गेला. झेडएफएस आधी नकार देतं, पण पोरं फोर्स लावून पुढं जातात. नकार आला की हात मागे घ्या, कारण वाचा.

५०० जीबीच्या जागी ४८० जीबीची एसएसडी चालत नाही.

डिस्क गेली म्हणायच्या आधी स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींमधला) १९९ नंबर बघा. तो सीआरसी चुका, म्हणजे डेटा जाता-येताना झालेल्या चुका, मोजतो. तेवढाच वाढत असेल तर बहुधा केबल खराब असते. डिस्कवरच्या खराब जागा मोजणारे ५ आणि १९७ वाढत असतील तर मात्र डिस्कच.

आणि बदलायला हात घालण्याआधी बॅकअप. उरलेली डिस्क बहुतेक त्याच बिलावर, त्याच दिवशी घेतलेली असते, आणि रेझिल्व्हरमध्ये सगळा डेटा तिच्यावरूनच वाचला जातो. मालक "लवकर उरक" म्हणत असला तरी मी तो तास घेतो. बॅकअप त्याच खोलीत ठेवू नका. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या मिररच्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात होत्या.