डॉकर इमेज एकदाच बिल्ड करा आणि गिऱ्हाईक बघून सोडा

सोलापुरात सॉफ्टवेअर करणाऱ्या बऱ्याच टीम चार-पाच जणांच्या असतात आणि गिऱ्हाईक म्हणजे टॉवेल-चादरीचे कारखाने, अडत दुकानं, एखादं हॉस्पिटल. नेटवर रिलीज ऑटोमेशनबद्दल जे वाचायला मिळतं ते मात्र हजारो सर्व्हरवाल्यांसाठी लिहिलेलं, कुबरनेटिस, सर्व्हिस मेश असलं सगळं, ते वाचून माणूस एकतर घाबरतो नाहीतर नको तेवढा पसारा मांडून बसतो. डॉकर इमेज म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं, ती चालू केली की तिला कंटेनर म्हणतात. आपलं काम दोन भाड्याचे सर्व्हर, एक रेजिस्ट्री (इमेज साठवायची जागा), गिटहब ॲक्शन्स (टेस्ट-बिल्ड आपोआप चालवणारी सोय) आणि एनजिनएक्स (आलेली रिक्वेस्ट योग्य ॲपकडे पाठवणारा वेब सर्व्हर) एवढ्यावर आरामात भागतं. खाली सांगतोय ते टॉवेल कारखान्याचं लॉट-डिस्पॅचचं सॉफ्टवेअर धरून, नोडमध्ये लिहिलंय असं समजा, पण पीएचपी असो की पायथन, पद्धत तीच.

आधी एक गोष्ट पक्की करा: स्टेजिंगवर (तपासणीच्या सर्व्हरवर) जी इमेज तपासली तीच, जशीच्या तशी, प्रॉडक्शनला (गिऱ्हाइकं वापरतात त्या सर्व्हरला) गेली पाहिजे. बरेच जण स्टेजिंगला एक ब्रँच ठेवतात, प्रॉडक्शनला दुसरी, आणि मर्ज झालं की परत बिल्ड मारतात. कोड तोच आहे की, फरक काय पडतोय? पडतो. मधल्या दोन दिवसांत बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज रचतो ती) बदललेली असू शकते, सिस्टीमचं एखादं पॅकेज वर गेलेलं असू शकतं. डायिंगवाल्याला विचारा, रेसिपी तीच, रंग तेच, तरी दुसऱ्या लॉटला शेड थोडी हलते, म्हणून एका ऑर्डरचा माल तो एकाच लॉटमधून काढायला बघतो. दोन ठिकाणी वेगळं असायला पाहिजे ते फक्त कॉन्फिग: डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, एसएमएसची की. ते सगळं कंटेनर सुरू होताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यायचं, इमेजच्या आत भरायचं नाही.

आता डॉकरफाइल, म्हणजे इमेज कशी बनवायची त्याची कृती. यात ओळींचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याकडेच लोकांचं लक्ष नसतं. फाइल कॉपी करणारी किंवा कमांड चालवणारी प्रत्येक ओळ एक लेयर तयार करते, आणि एखाद्या ओळीचा माल बदलला की ती ओळ आणि तिच्या खालच्या सगळ्या ओळी परत चालतात. म्हणजे सगळा कोड आधी कॉपी करून मग एनपीएम (नोडची पॅकेजेस उतरवणारं टूल) चालवलं तर चलनावरचं एक स्पेलिंग दुरुस्त केलं तरी सगळी पॅकेजेस पहिल्यापासून उतरणार. म्हणून पहिल्यांदा पॅकेज डॉट जेसन (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) आणि लॉक फाइल (त्यांची नेमकी व्हर्जन्स) या दोनच फाइल कॉपी करा, मग एनपीएम सीआय चालवा, आणि त्यानंतर बाकीचा कोड. एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआयच वापरा, ते लॉक फाइलच्या बाहेर जात नाही आणि दोन्ही फाइलींचा मेळ नसेल तर तिथंच थांबतं, जे आपल्याला पाहिजेच आहे. कंपाइलर, टेस्टची पॅकेजेस वगैरे जड सामान डॉकरफाइलच्या पहिल्या स्टेजमध्ये (टप्प्यात) ठेवून दुसऱ्या स्टेजमध्ये फक्त तयार माल उचलायचा, ही मल्टी-स्टेजची सोय डॉकरमध्ये २०१७ पासून आहे, त्यामुळे आता न वापरायला काही कारण नाही. डॉकरइग्नोर फाइलमध्ये (इमेजमध्ये काय घ्यायचं नाही त्याची यादी) नोड मॉड्यूल्स, गिटचं फोल्डर आणि डॉट एन्व्ह (पासवर्ड-सेटिंगची फाइल) टाका. आणि पासवर्ड कधीही डॉकरफाइलमधल्या आर्ग किंवा एन्व्हच्या ओळीत लिहू नका, ज्याच्या हातात इमेज येईल तो हिस्टरी किंवा इन्स्पेक्ट कमांड मारून बघू शकतो, बिल्ड करताना लागतच असेल तर बिल्डकिटचा (डॉकरच्या बिल्ड इंजिनचा) सीक्रेट माउंट वापरा, त्यात पासवर्ड इमेजमध्ये राहत नाही.

बेस इमेज घेताना स्लिम (डेबियनची छाटलेली) घ्या असं माझं मत. अल्पाइन आकाराने लहान असते खरी, पण तिच्यात जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल नावाची लायब्ररी असते आणि नेटिव्ह मॉड्यूलवाली पॅकेजेस तिथं कधी कधी रुसतात, थोडे एमबी वाचवायला एवढी कटकट कशाला? आपल्याकडच्या दोन भानगडी कुठल्याच इंग्रजी गाइडमध्ये सापडत नाहीत त्या इथंच सांगतो. एक म्हणजे फॉन्ट. स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, त्यामुळे कंटेनरमध्ये ब्राउझर चालवून चलनाची पीडीएफ काढत असाल तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात, तेव्हा लोहित किंवा नोटोचं पॅकेज डॉकरफाइलमध्येच इन्स्टॉल करा. दुसरी म्हणजे वेळ. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) चालतं, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख, आणि नाइट शिफ्टचं प्रॉडक्शन आदल्या दिवसात जाऊन बसतं. टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता द्या. अल्पाइनच घेतली असेल तर टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर व्हेरिएबल देऊनही सगळीकडे ती वेळ लागेलच असं नाही.

बिल्ड कुणाच्या लॅपटॉपवर करायचं नाही, सीआयमध्येच करायचं, म्हणजे कोड आला की आपोआप टेस्ट-बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत (वरच्या एनपीएम सीआयचा इथं संबंध नाही). एम सिरीजच्या मॅकवर बनवलेली इमेज साध्या इंटेलवाल्या सर्व्हरवर टाकली की, चिपचा प्रकार वेगळा असल्यामुळे, एक्झेक फॉरमॅट एरर येतो आणि मग ज्याचा मॅक तो सोडून सगळे त्याच्याकडे बघत बसतात. गिटहब ॲक्शन्समध्ये वर्कफ्लो असा लावा: मेन ब्रँचला पुश झालं की टेस्ट, टेस्ट पास झाल्या की बिल्ड, मग ट्रिव्हीने (सुरक्षेच्या त्रुटी शोधणारं टूल) स्कॅन, मग रेजिस्ट्रीला पुश. गिटहबचीच रेजिस्ट्री वापरणार असाल तर वर्कफ्लोला पॅकेजेसची राइट परमिशन द्यायला विसरू नका, पुश करताना परमिशन डिनाइड आलं तर आधी तिथंच बघा. बिल्डची कॅश (आधी बनलेले लेयर परत वापरायची सोय) चालू करताना मोड मॅक्स ठेवा, नाहीतर फक्त शेवटच्या स्टेजचे लेयर साठवले जातात आणि एनपीएमवाला जड लेयर दर वेळी नव्याने बनतो.

इमेजला टॅग (ओळखीचं लेबल) द्यायचा कमिटच्या हॅशचा, म्हणजे गिट प्रत्येक बदलाला देतो त्या क्रमांकाचा. लेटेस्ट हा शब्द सर्व्हरवरच्या कंपोझ फाइलमध्ये (कुठली इमेज कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) दिसताच कामा नये. लेटेस्ट म्हणजे सगळ्यात नवीन असं काही नसतं, ते नुसतं एक नाव आहे, आज ह्या इमेजला लावलं उद्या त्या, आणि रात्री फोन आला की सर्व्हरवर नेमकं कुठलं व्हर्जन चाललंय हेच कुणाला सांगता येत नाही.

स्टेजिंगला इमेज आपोआप जाऊ दे. प्रॉडक्शनसाठी वेगळा वर्कफ्लो करा, हाताने बटण दाबून चालणारा, ज्यात टॅग टाईप करावा लागतो आणि ज्यात बिल्डची पायरीच नसते. त्याने फक्त सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन) करून त्या टॅगची इमेज ओढायची आणि कंटेनर उभा करायचा. पण चालू कंटेनर पाडून त्याच जागी नवा उभा केला तर मधले काही सेकंद साइट बंद राहते, म्हणून दोन जागा ठेवा, एक ३००१ पोर्टवर आणि एक ३००२ वर. जुना चालू असताना नवा दुसऱ्या पोर्टवर येतो, त्याचा हेल्थ चेक पास होईपर्यंत त्याच्याकडे एकही गिऱ्हाईक पाठवायचं नाही. हेल्थ चेक म्हणजे नुसतं ओके छापणारं पान नको हं, डेटाबेसला एक साधी क्वेरी मारून बघणारं पाहिजे.

आता माझं खरं म्हणणं. मोठ्या कंपन्या कॅनरी रिलीज करताना पाच टक्के ट्रॅफिक नव्या व्हर्जनला देतात आणि एररचा आलेख बघतात. आपली वीस गिऱ्हाइकं असली तर पाच टक्के म्हणजे एक कारखाना! मग तो कुठला हे नशिबावर कशाला सोडायचं, नाव बघून निवडा की. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचा सबडोमेन असतोच, एनजिनएक्समध्ये मॅप ब्लॉक लिहून डाव्या बाजूला सबडोमेन आणि उजव्या बाजूला जुना की नवा एवढं दिलं की काम झालं, डिफॉल्ट जुना. पहिल्यांदा तो कारखाना घ्या जिथला मुनीम काही बिघडलं तर लगेच फोन करतो आणि नीट सांगतो, जो चिडून गप्प बसतो तो नको. दुसऱ्या दिवशी दोन-तीन मध्यम, आणि ज्यांचा एक्स्पोर्टचा माल लोड व्हायचा असतो ते शेवटी. फाइल बदलली की आधी एनजिनएक्सची टेस्ट कमांड चालवा, मग रीलोड करा, रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये जुने वर्कर हातातल्या रिक्वेस्ट संपवूनच जातात, त्यामुळे चलन भरत बसलेल्याला काही कळत पण नाही.

दोन व्हर्जन एकाच डेटाबेसवर चालणार म्हटल्यावर मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलताना) कॉलमचं नाव बदलणं, कॉलम उडवणं एका फटक्यात जमत नाही. समजा वजन हा एक कॉलम आहे आणि त्याच्या जागी निव्वळ वजन आणि एकूण वजन असे दोन पाहिजेत. पहिल्या रिलीजमध्ये नवे दोन कॉलम रिकामे चालतील असे जोडा, कोड जुन्यातही लिहील आणि नव्यातही, वाचणार मात्र जुन्यातूनच. मग जुना डेटा नव्या कॉलमात भरून घ्या. दुसऱ्या रिलीजमध्ये वाचणं नव्यावर न्या. सगळी गिऱ्हाइकं त्यावर स्थिर झाली की तिसऱ्यात जुन्यात लिहिणं बंद करा, आणि चौथ्यात तो कॉलम काढा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण मधल्या कुठल्याही टप्प्यावरून एक पाऊल मागे जाता येतं आणि रोलबॅक (जुन्या व्हर्जनवर परत जाणं) म्हणजे मॅप फाइलमधला एक शब्द बदलून रीलोड, बस्स.

वेळ कुठली? संध्याकाळी नाही. त्या वेळी ट्रक लागलेला असतो, ई-वे बिल निघायचं असतं, ड्रायव्हर डोक्यावर उभा. सकाळी दहा-अकराला सोडा, दिवसभर माणसं जागेवर असतात. महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीच्या रिटर्नची, त्याच्या आदल्या दिवसापासून हात लावू नका. ३१ मार्चला तर नावच नको. आणि संक्रांतीच्या आसपास गड्डा यात्रेत निम्मं ऑफिस नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेलेलं असतं, त्या आठवड्यात प्रॉडक्शनचा वर्कफ्लो सरळ डिसेबल करून ठेवा.

जुना कंटेनर बंद करताना एक बघा. डॉकर त्याला आधी सिगटर्म (बंद हो असा सिग्नल) पाठवतो आणि दहा सेकंदांनी मारून टाकतो. डॉकरफाइलमधली सीएमडी (ॲप सुरू करणारी ओळ) साध्या ओळीसारखी लिहिली असेल तर मध्ये शेल बसतं आणि तो सिग्नल आपल्या ॲपपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून चौकटी कंसातल्या यादीसारखी लिहा, आणि ॲपमध्ये सिग्नल आला की नवीन रिक्वेस्ट घेणं थांबवून हातातलं काम पुरं करायचा कोड ठेवा.

राहिली डिस्क. डॉकरच्या डिफॉल्ट लॉगला साइझची मर्यादाच नसते, कंपोझमध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल दोन्ही द्या. जुन्या इमेज साफ करायला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावताना इमेज प्रून या साफसफाईच्या कमांडला ए फ्लॅग दिला तर कुठल्याही कंटेनरला न लागलेली प्रत्येक इमेज उडते, म्हणजे जुना कंटेनर काढलेला असेल तर रोलबॅकसाठी ठेवलेली मागची इमेज पण. रेजिस्ट्रीतून ती परत ओढता येते, पण नेमकी घाईच्या वेळी. त्यापेक्षा ए फ्लॅगसोबत अंटिल फिल्टर लावून महिन्याहून जुन्याच काढा आणि मागच्या रिलीजचा कंटेनर नुसता थांबवून ठेवा, थांबलेल्या कंटेनरची इमेज इमेज प्रूनमध्ये जात नाही, फक्त क्रॉनमध्ये सिस्टीम प्रून लिहू नका, ते थांबलेले कंटेनर पण साफ करतं.