कॅराव्हॅनमध्ये लाल धूळ भरत होती, शेवटी अशी थांबली

आम्ही चौघं मित्र, ऑस्ट्रेलियातला उडनाडाटा ट्रॅक, मरी ते मार्ला, साधारण ६२० किमी कच्चा रस्ता, गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे ओढायचं चाकांवरचं घर. सगळं घट्ट बंद असूनही संध्याकाळी गाद्यांवर, भांड्यांवर धुळीचा थर. दाराला नवीन रबर लावलं, खिडक्यांना टेप मारली, काही फरक नाही, वाटेतल्या विल्यम क्रीक गावी तर रडू यायचंच बाकी होतं. कारण चालत्या कॅराव्हॅनच्या आत हवेचा दाब कमी होतो न ती फटींतून धूळ ओढते. मग आधी गॅस सिलिंडरवरूनच बंद केला, दारातले आणि खालचे व्हेंट (हवा खेळायला, गळलेला गॅस बाहेर जायला ठेवलेल्या जाळ्या) बाहेरून टेपने झाकले, आणि छतावरचं पुढचं हॅच, म्हणजे उघडता येणारी झडप, पुढच्या बाजूने दोन बोटं उघडं ठेवलं, वारा आत शिरतो, दाब वाढतो, धूळ बाहेरच. पुढच्या गाडीपासून मात्र लांब राहा, नाहीतर तिचीच धूळ हॅचमधून येते. मुक्कामाला गॅस पेटवायच्या आधी व्हेंटवरची टेप काढायचीच, जिवाचा प्रश्न आहे.