मॉडेल रेल्वेतील साल कसे ओळखावे

मॉडेल रेल्वेचा नावाजलेला देखावा पाहताना नजर प्रथम धावत्या गाडीमागे जाते आणि देखावा कोणत्या सालचा आहे हे ओळखणे तिथेच हुकते. वाफेचे इंजिन तीस-चाळीस वर्षे सहज सेवेत राहत असे. त्यामुळे देखाव्यातील सर्वांत जुनी वस्तू काळ सांगत नाही. शोधायची असते ती सर्वांत नवी वस्तू. मालडब्यावर खासगी कोळसा व्यापाऱ्याचे ठळक नाव असेल, तर ब्रिटिश देखावा बहुधा 1939 पूर्वीचा समजावा, कारण युद्ध सुरू होताच असे डबे सरकारने सामाईक वापरासाठी ताब्यात घेतले. अमेरिकी बंद डब्याच्या छपरावर चालण्याची फळीच नसेल, तर काळ साधारणतः 1966 नंतरचा धरावा.

या पाहण्याचा सराव करण्यासाठी इंग्लंडमधील लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयाइतके चांगले ठिकाण माझ्या माहितीत दुसरे नाही. ऑस्ट्रेलियातून 1925 साली आलेल्या रॉय इंग्लंड यांनी (आडनावही इंग्लंडच!) व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील गवती छपरांची घरे नाहीशी होताना पाहिली आणि 1930 च्या सुमाराचे ते खोरे खऱ्या एका फुटास 4 मिलिमीटर या प्रमाणातील मॉडेलमध्ये जपण्याचे काम आरंभले. येथे संपूर्ण खोरे एकदम पाहू नये. एकच घर निवडून त्याचे छप्पर, खिडकी, परसातले वाफे आणि दारासमोरचा रस्ता सावकाश पाहावा, गाडी मागाहून पाहिली तरी चालते. जॉन अहर्न यांनी केलेले मॅडर व्हॅली या काल्पनिक रेल्वेचे मॉडेलही तेथेच ठेवलेले आहे.

अमेरिकेतील जॉन ॲलन यांची मॉन्टेरे येथील 'गोर अँड डॅफेटिड' ही मॉडेल रेल्वे आता केवळ छायाचित्रांतच पाहावी लागते. जानेवारी 1973 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर काही दिवसांतच ती आगीत जळाली. ते स्वतः छायाचित्रकार होते, म्हणून तिच्या छायाचित्रांत प्रकाश कोठून येतो आणि गंज, काजळी व ऊन-पावसाने विटलेला रंग कोणत्या वस्तूवर किती चढवला आहे, हे पाहावे. जॉर्ज सेलिओस यांच्या 'फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर' या मॉडेल रेल्वेत महामंदीतील न्यू इंग्लंडची (अमेरिकेचा ईशान्य भाग) दाटीवाटीची शहरे आहेत. तेथील जीर्णपणा मला थोडा अधिक वाटतो, कारण खऱ्या शहरात सर्वच भिंती एकाच वेळी सारख्या जुन्या होत नाहीत. तरीही पाट्या आणि छपरांवरील पाण्याच्या टाक्या न्याहाळण्यात तास निघून जातो.

पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात मात्र सर्वांत नवी वस्तू शोधण्याचा हा नियम लावू नये. तेथे वाफेच्या गाडीपासून आधुनिक वेगवान गाडीपर्यंत सारे एकाच नगरीत धावते, त्यामुळे साल शोधण्याऐवजी सिग्नल आणि गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे कोणत्या क्रमाने बदलतात ते पाहावे.