जुन्या रोबो किटला कात्री लावण्याआधी

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं रोबो किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रोबोची प्रतिकृती बनवायचा संच, हाती लागलं की खोकं उघडावं आणि लगेच जोडायला बसावं असं होतं. थोडं थांबा. यातला एखादा भाग मोडला तर नवा कुठे मागवायचा? बऱ्याचदा ते बनवणारी कंपनीच उरलेली नसते. म्हणून या छंदात तयारीलाच जास्त वेळ जातो, आणि मला तोच वेळ सर्वांत प्रिय आहे.

पहिली तपासणी पैसे देण्याआधीच करायची: किट खरंच जुनं आहे का? ‘लॉस्ट इन स्पेस’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या रोबोचं किट ऑरोरा कंपनीने १९६८ साली काढलं. कंपनी १९७० च्या दशकात बंद पडली आणि १९९० च्या दशकात पोलर लाइट्स या दुसऱ्या कंपनीने ते किट पुन्हा बाजारात आणलं. फोटोत दोन्ही खोकी सारखीच वाटू शकतात. पण दुकानात बारकोड पहिल्यांदा वापरला गेला तो १९७४ मध्ये. त्यामुळे बारकोड असलेलं खोकं १९६८ चं असूच शकत नाही. प्लास्टिकवर उमटलेल्या सालावर विसंबू नका, ते साच्याचं किंवा स्वामित्वहक्काचं (कॉपीराइटचं) साल असतं. ‘गंडम’ या जपानी कार्टून मालिकेतल्या रोबोचं बांदाई कंपनीचं पहिलं १/१४४ (मूळ आकाराच्या १४४ पट लहान) किट जुलै १९८० मध्ये ३०० येनला आलं आणि त्याच साच्यातून पुढेही वर्षानुवर्षं किट निघत राहिली. ‘सीलबंद’ या शब्दानेही हुरळून जाऊ नका. पातळ प्लास्टिकचं वेष्टन कुणालाही नव्याने चढवता येतं.

नवी आवृत्ती असेल तर ती जरूर घ्या, सुट्या भागांसाठी. काही किटना तर वेगळ्याच नावाचं जुळं भावंड असतं: जपानी टाकारा कंपनीची ‘डॉग्रम’ या कार्टून मालिकेतल्या रोबोंची किट अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीने १९८४ साली ‘रोबोटेक डिफेंडर्स’ म्हणून विकली. दुर्मीळ जोडीतलं स्वस्त भावंड शोधण्यासारखं समाधान नाही.

खोकं घरी आलं की पांढऱ्या कापडावर सगळं मांडा आणि माहितीपत्रकाशी ताडून एकेक भाग मोजा. त्याआधी ते पत्रक दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि पुढचं काम प्रतीवरूनच करा, कारण जुना कागद घडीवर फाटतो. जुन्या जपानी किटमध्ये गोंदाची छोटी पुडी किंवा ट्यूब असायची. ती आधी बाहेर काढा; फुटली तर आतल्या द्रावकाने भाग विरघळतात. रबरी किंवा मऊ व्हिनाइलचे भागही वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यांतलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन हळूहळू पाझरतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनवर, म्हणजे किटच्या कडक प्लास्टिकवर, खड्डे पाडतं.

मग डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायची आणि रोबोवर चिकटवायची छापील चिन्हं, आणि इथे घाई अजिबात नको. माझ्या एका रोबोच्या छातीवरचे आकडे पाण्यात टाकताच त्यांचे बारीक तुकडे झाले, आणि माझ्याकडे त्यांची प्रतही नव्हती. तेव्हापासून डिकलचा कागद शेजारी पट्टी ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन केल्याशिवाय मी पुढे जात नाही. कागद पिवळा पडला असेल तर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवा. पिवळेपणा बराच उतरतो. रोज बघत राहा, नाहीतर छापील रंगही उडतील. मग ज्याची गरज नाही असं एक डिकल कोमट पाण्यात घालून बघा. ते फुटलं तर उरलेल्यांवर डिकल फिल्मचा द्रव किंवा पारदर्शक लॅकरचा थर द्या. थर कागदभर पसरतो, म्हणून नंतर प्रत्येक चिन्ह कडेने नेमकं कापून घ्यावं लागतं.

भाग धुवायचे ते कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन, खाली गाळणी ठेवून. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही.

हत्यारं नेहमीचीच: कटर, धारदार ब्लेड, चिमटा, पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर. सिमेंट, म्हणजे प्लास्टिक किंचित विरघळवून जोडणारा गोंद, पातळ घ्या, ते फटीत आपोआप ओढलं जातं. भाग कापून उरलेली चौकट मात्र टाकू नका. तिचे तुकडे सिमेंटमध्ये विरघळवले की त्याच प्लास्टिकची पुट्टी तयार होते आणि प्लास्टिक आक्रसून पडलेले खोलगट डाग, सांधे तिनेच उत्तम भरतात. रंगाची चाचणीही त्याच चौकटीवर घ्या.

नाजूक नखं, अँटेना यांची सिलिकॉनच्या साच्यात रेझिनची (ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकची) नक्कल आधीच करून ठेवा. रेझिन पाण्यात ओलं ठेवून घासा आणि मास्क लावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना वाईट.

डोक्याचा पारदर्शक घुमट सुपरग्लूपासून दूर ठेवा, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं. तिथे पांढरा गोंद चालतो. घुमटाच्या आतला भाग मात्र तो बसवण्याआधीच रंगवलेला हवा.

शेवटी सगळा रोबो नुसत्या चिकटपट्टीने उभा करून बघा. पाय डगमगतात का, धडाच्या दोन अर्ध्यांत फट कुठे राहते, हात फिरवला तर कुठे अडतो, सगळं लिहून घ्या. तो आधाराशिवाय सरळ उभा राहिला की सिमेंटच्या बाटलीचं झाकण उघडा.